अंबाजींनी न केलेली सही

प्रेरणाला ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यात उशिरा अंबाजींनी मान्य केलं. त्यांच्या सुनेला, कोमलला, पोरगी वर्षाची असतानाच संशय आला होता. भाजे गावच्या वरच्या आळीत लग्नाची वरात आली, दारात फटाक्यांची माळ लागली, शेजारची सगळी पोरं रडत आत पळाली आणि प्रेरणा आपली पायाचा अंगठा तोंडात घालून मजेत पडून राहिली. कोमल तेव्हाच म्हणाली होती, "आबा, हिला काही ऐकू जात नाही."

"माझा बाप बी पाचव्या वर्षी बोलाय लागलता," अंबाजी म्हणाले. "आपलं घराणंच तसं हाय."

तिसरं वर्ष संपलं तरी पोरगी 'आई'सुद्धा म्हणेना. मग अंगणवाडीच्या बाईंनी माऊलीला बोलावून घेतलं. माऊली हा अंबाजींचा एकुलता एक मुलगा, चाकणला कंपनीत पाळीवर जाणारा. नवरा-बायको पोरीला घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं तिला झोपेचं औषध दिलं, डोक्याला वायरी चिकटवल्या आणि यंत्रावरच्या रेघा बघून डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कान अधू आहेत, पण बंद नाहीत. चांगलं मशीन दोन्हीकडं बसवलं तर ऐकेल. ऐकलं तर बोलेल.

"पण वेळ घालवू नका," डॉक्टर म्हणाले. "पाच वर्षांच्या आत तिच्या कानावर जेवढं पडेल तेवढं तिचं. नंतर आवाज येईल, पण त्याचा अर्थ लावणं तिला फार जड जाईल."

कोमलनं हे वाक्य घरी येऊन अंबाजींना जसंच्या तसं सांगितलं. सरकारी शिबिरात मशीन फुकट मिळतं असं कळल्यावर तिथं नाव घातलं, पण यादी लांब होती आणि पुढचं शिबिर कधी ते कुणी सांगेना. तेव्हा अंबाजीच म्हणाले, "विकतचं घेऊ. पाडव्याला घेऊ. माझी पेन्शन कशाला हाय?"

अंबाजींची पेन्शन देहूरोडच्या लष्करी डेपोतली होती. एकतीस वर्षं त्यांनी तिथल्या भांडारात काढली. माल आला की चलन बघायचं, पेटीवरचा नंबर आणि आतल्या वस्तूवरचा नंबर ताडून बघायचा, दोन्ही जुळले तरच रजिस्टरात सही करायची. एकतीस वर्षांत त्यांनी न बघता एकही सही केली नव्हती. एकदा मोठ्या साहेबानं घाईत होता म्हणून दटावलं, तरी अंबाजी बधले नव्हते. ही गोष्ट गावात त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की ऐकणाऱ्यांना तोंडपाठ झाली होती.

लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानांमागच्या गल्लीत स्वरसाथी नावाचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. मालक बाजीराव, चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी पोरीच्या कानाचे साचे आधीच घेऊन ठेवले होते. गुढीपाडव्याला सकाळी सगळे जण नवे कपडे घालून गेले. बाजीरावांनी पेढा दिला, प्रेरणाच्या दोन्ही कानांमागं शेंगदाण्याएवढी मशीनं अडकवली, साचे कानात बसवले आणि बारीकसं बटण दाबलं.

पोरगी जागच्या जागी थिजली. मग हळूच मान वर करून छताकडं बघायला लागली. वर पंखा फिरत होता. साडेतीन वर्षं डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला आवाज असतो हे तिला आत्ता कळत होतं.

कोमल मागून म्हणाली, "प्रेरणा."

पोरीनं वळून आईच्या तोंडाकडं बघितलं. कोमलनं पुन्हा हाक मारली तशी पोरीनं पुढं होऊन आईच्या ओठांना हात लावला. माऊली भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाजीरावांनी पावती पुढं केली, वॉरंटीचं कार्ड पुढं केलं, आणि अंबाजींनी, डोळे नातीवरून न काढता, दोन्हीवर सही केली.

त्यानंतरचे अकरा दिवस त्या घरात कधी नव्हता एवढा गोंगाट झाला. स्टीलचा पेला फरशीवर पडला की वाजतो असा शोध प्रेरणाला लागला आणि तिनं तो दिवसभर पाडला. कुणी तिला थांबवलं नाही. शेळी ओरडली की ती शेळीच्या तोंडात बघायला धावायची. मळवली स्टेशनात गाडी थांबून सुटली की त्याचा आवाज शेतावरून अंधूक यायचा, तेव्हा हातातलं टाकून उभी राहायची. कोमल सकाळपासून बडबडत असायची, हे पाणी, हा तवा, ही भाकरी, हा कावळा. आठव्या दिवशी प्रेरणा अंबाजींकडं बघून "बा, बा" असं म्हणाली.

"आबा म्हणली!" अंबाजी म्हणाले.

"लहान लेकरं आधी तेच म्हणतात, आबा," कोमल हसून म्हणाली.

"तू गप. मला हाक मारली तिनं."

बाराव्या दिवशी दुपारी प्रेरणा ओट्यावर बसून भाकरी खात होती. अंबाजी तिच्या शेजारीच होते. एकाएकी तिच्या उजव्या कानातून अशी कर्कश किंचाळी निघाली, की हातभर लांब बसलेल्या अंबाजींच्या अंगावर काटा आला. प्रेरणाचं तोंड उघडलं पण आवाज फुटेना. ती ओट्यावरून खाली कोसळली आणि दोन्ही हातांनी कान ओरबाडायला लागली. अंबाजींच्या हातांना ते मशीन निघता निघेना. कोमल धावत आली, तिनं ओढून काढलं. पोरीच्या कानामागं तिच्याच नखानं रक्त आलं होतं.

बाजीराव म्हणाले, साचा सैल झाला असेल, शिट्टी वाजते कधी कधी. त्यांनी नवा साचा केला. चार दिवसांनी मशीन पुन्हा किंचाळलं. मग त्यांनी ते कंपनीकडं पाठवलं. तीन आठवड्यांनी ते "कोणताही दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत आलं. कोमलनं पोरीला मांडीवर घेऊन, गोंजारून, गोड बोलून पुन्हा लावलं. त्या वेळी दोन्ही मशीनं एकदम वाजली.

त्यानंतर प्रेरणा कानाला कुणाला हात लावू देईना. वेणी घालायची तर मुठी आवळून बसायची. टोपडं बांधायला गेलं तर चावायची. पेला हातात दिला तर तो अलगद खाली ठेवायची, वाजू नये असा. मशीन कानात नसतानासुद्धा.

मशीनं पुन्हा कंपनीत गेली आणि श्रावणात परत आली. सोबत दोन ओळींचं पत्र होतं. यंत्रात ओलावा गेल्यानं बिघाड झालेला आहे, ओलाव्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.

अंबाजींनी ते पत्र बाजीरावांच्या काउंटरवर ठेवलं. "शेठ, मशीन बिघडलं चैतात. चैतात हितं कसला ओलावा? आन तवापासनं त्ये तुमच्याकडं न्हाई तर कंपनीकडं हाय. पाऊस आमी पाडला व्हय त्याच्यात?"

"आबा, मी काय करणार? कंपनीचा रिपोर्ट आहे."

"लोणावळ्यात दुकान टाकता, अन ओलाव्याचं कारण सांगता? हितं तर भिंती बी ओल्या असत्यात चार महिने. मग विकता कशाला?"

बाजीरावांनी मऊ आवाजात सांगितलं की नवं घ्यायचं असेल तर सवलतीत देईन. अंबाजी उठले.

घरी येऊन त्यांनी सगळे कागद ओट्यावर पसरले आणि भिंग घेऊन बसले. कंपनीच्या पत्रात यंत्रांचे नंबर लिहिले होते. मशीनच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत तेच नंबर होते. पण वॉरंटी कार्डावर आणि खोक्यावर वेगळेच होते. अंबाजींनी तीनदा ताडून बघितले. मग हाक मारली, "कोमल, हिकडं ये जरा. तुझी नजर चांगली हाय."

कोमलनं वाचलं. आकडे जुळत नव्हते. खोकं नव्याचं होतं, आतली मशीनं दुसरीच होती. भिंगाखाली त्यांच्या कडा घासलेल्या दिसत होत्या; दुकानात आलेल्या माणसांना चाचणीसाठी लावून दाखवायची असावीत, किती कानांना लागून आलेली कुणास ठाऊक.

"एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?" अंबाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आधी नंबर बघायचा. मंग सही. आन घरच्या पोरीच्या वेळंला..."

"तुम्ही तिच्याकडं बघत होता, आबा," कोमल म्हणाली. "आम्ही सगळेच बघत होतो."

तिनं ते समजुतीनं म्हटलं होतं. पण अंबाजींच्या मनात त्या दिवशी जी गाठ बसली ती काही सुटली नाही. त्यांनी ग्राहकांच्या मदतीचा फोन नंबर शोधून काढला. पलीकडच्या मुलीनं तक्रार लिहून घेतली, कंपनीला कळवली आणि कंपनीकडून तेच ओलाव्याचं उत्तर आलं. मग तिनंच सांगितलं की आजोबा, तुमच्याकडं बिल आहे, नंबर वेगळे आहेत, तुम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जा, वकील नसला तरी चालतं. अंबाजींनी रजिस्टर पोस्टानं दुकानाला नोटीस धाडली. नोटीस त्यांनी स्वतः लिहिली, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

नोटीस पोचल्यावर, दिवाळीच्या चार दिवस आधी, बाजीराव स्वतः भाज्याला आले. येताना नवं खोकं घेऊन आले. ओट्यावर बसून त्यांनी ते उघडलं, आतली नवी कोरी जोडी दाखवली, कार्डावरचे आणि मशीनवरचे नंबर स्वतः वाचून दाखवले. अंबाजींनी भिंग लावून बघितले. जुळत होते.

"आबा, चूक झाली. पोऱ्यानं खोक्यात भलतीच मशीनं भरली असतील, कोण जाणे. वाद नको. ही घ्या. एकही रुपया नको. फक्त एवढ्यावर सही करा."

कागद छापलेला होता. अंबाजींनी तो सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं की आधीच्या यंत्रांतला बिघाड ग्राहकाच्या हाताळणीमुळं झाला होता, दुकानानं माणुसकीच्या नात्यानं ती बदलून दिली, आणि ग्राहकाची दुकानाबद्दल वा कंपनीबद्दल काहीही तक्रार नाही आणि पुढंही राहणार नाही.

"हे खोटं हाय," अंबाजी म्हणाले.

"नुसता कागद आहे, आबा. कंपनीला दाखवायला लागतो. नाहीतर नवी मशीनं कुठल्या नावावर टाकू मी?"

"कागद नुसता नसतो. ह्याच्यात लिवलंय की आमच्या हातनं बिघडलं."

कोमल दारात उभी होती. ती बाजीरावांना म्हणाली, "तुम्ही जरा चहा घ्या," आणि सासऱ्यांना आत घेऊन गेली. अंबाजींशी ती आजवर कधी वर आवाजात बोलली नव्हती, आणि त्या दिवशीही बोलली नाही.

"आबा, सही करा."

"पोरी, त्यानं वापरलेला माल नवा म्हणून इकला. आन वर आपल्यालाच चोर ठरवतोय."

"ठरवू दे. सव्वाचार वर्षांची झाली ती. डॉक्टर काय बोलले होते?"

"म्हाईत हाय मला. पण आपला हक्क हाय त्यो. कायदा हाय. वर्षाच्या आत निकाल लागंल, मशीन बी भेटंल, आन त्या माणसाला चाप बी बसंल. उद्या आणिक कुणाच्या लेकराच्या कानात हे घालणार त्यो."

"उद्याच्या लेकराचं उद्या बघू ना. हे लेकरू आज आहे." कोमलनं हात जोडले. "मी पाया पडते तुमच्या. एक सही."

अंबाजींनी तिचे जोडलेले हात खाली केले. मग बाहेर आले. बाजीरावांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"शेठ, ह्याच्यातलं पयलं वाक्य खोडा. बाकी सगळ्यावर करतो सही."

"पहिल्या वाक्याशिवाय कंपनी घेणार नाही, आबा."

"मंग ऱ्हाऊ द्या."

बाजीरावांनी खोकं बंद केलं. चहा अर्धाच ठेवून ते उठले. खाली रस्त्यावर त्यांची गाडी सुरू झाली आणि लोहगडाच्या बाजूनं येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांत मिसळून गेली. कोमल आतून बाहेर आली नाही. संध्याकाळी माऊली आला, त्याला बायकोनं सगळं सांगितलं. तो बापासमोर येऊन उभा राहिला आणि मान हलवून अंघोळीला गेला. दोन दिवसांनी त्यानं बाजीरावांना फोन केला, मी सही करतो म्हणून. बाजीराव म्हणाले, पावती तुमच्या वडिलांच्या नावाची आहे, आणि आता प्रकरण कंपनीच्या वकिलाकडं गेलंय.

संक्रांतीनंतर अंबाजींनी आयोगात तक्रार दाखल केली. तारीख असली की ते पांढरं धोतर-सदरा घालून मळवलीहून पुण्याची लोकल धरायचे. कापडी पिशवीत कागद क्रमानं लावलेले असायचे आणि दोन्ही मशीनं लाखेनं सील केलेल्या एका डबीत. विरुद्ध बाजूचा वकील म्हणणं मांडायला मुदत मागायचा. मग कंपनी म्हणायची दुकानाशी आमचा संबंध नाही, दुकान म्हणायचं कंपनीनंच तसा माल पाठवला. मशीनं तपासणीला प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं, तर कुठल्या प्रयोगशाळेत यावर तीन तारखा गेल्या. अंबाजी प्रत्येक तारखेला बाकावर ताठ बसून राहायचे आणि घरी येऊन सांगायचे, "ह्या बारीला जरा सरकलं." सुरुवातीला कोमल विचारायची, कुठवर सरकलं. नंतर तिनं विचारणं सोडलं.

वर्ष होत आलं तरी निकाल लागला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर सरकारी यादीतलं नाव आलं. वडगावच्या शिबिरात प्रेरणाला मशीनं मिळाली. ती सव्वापाच वर्षांची झाली होती. तिथल्या मुलीनं मशीन कानाजवळ नेलं मात्र, प्रेरणानं टेबल उलथून टाकलं आणि पळत सुटली. ती रस्त्यावर येणाऱ्या टेम्पोसमोर गेली. टेम्पोवाला कर्णा वाजवत होता. माऊलीनं झेप टाकून तिला ओढलं म्हणून वाचली.

मग लोणावळ्याच्या माधवीताईंकडं नेलं. त्या कानांनी अधू असलेल्या मुलांना बोलायला शिकवायच्या. त्यांनी चार महिने खटपट केली. बाहुलीच्या कानात मशीन घालून दाखवलं, स्वतःच्या कानात घालून दाखवलं, साचा न लावता नुसतं हातात धरायला दिलं. प्रेरणा हातातही धरेना. एकदा कसंबसं पाच मिनिटं ठेवून घेतलं, आणि ती पाचही मिनिटं डोळे गच्च मिटून, खांदे वर करून, आता होईल मग होईल अशी वाट बघत बसली. माधवीताईंनी स्वतःच काढलं.

"मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही," त्या म्हणाल्या. अंबाजी त्या दिवशी सोबत गेले होते. "मशीन बिघडलं तेव्हा लगेच चांगलं मिळालं असतं, तर लहान होती, विसरली असती. मध्ये फार दिवस गेले. आता भीतीही बसलीय आणि वयही निघून गेलंय. तुम्ही तिला खुणांची भाषा शिकवा. मनातलं सांगता येणं महत्त्वाचं."

परतताना तिघं लोणावळ्याच्या फलाटावर बाकावर बसले. प्रेरणा मधे होती. अंबाजी म्हणाले, "कोमल, त्या दिशी मी..."

"राहू द्या, आबा."

"न्हाई, मला बोलू दे."

"बोलून काय होणार आहे?" ती म्हणाली. रागानं नव्हे. तिच्याजवळ राग आता शिल्लक नव्हता, आणि अंबाजींना तो असता तर बरं वाटलं असतं. "तुम्ही खरं बोललात. खोट्यावर सही केली नाही. तुमचं काही चुकलं असं मला कुणाला सांगता पण येत नाही."

त्यानंतर कोमल आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन खुणा शिकून यायची आणि घरी पोरीला शिकवायची. प्रेरणा झपाट्यानं शिकली. भूक, पाऊस, शेळी, आज बाबा उशिरा येणार, मला तो फ्रॉक नको. सहा वर्षं तुंबलेलं सगळं तिच्या बोटांतून बाहेर पडायला लागलं. मायलेकी ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायच्या आणि घरात चिटपाखराचाही आवाज नसायचा. माऊलीही रविवारी बसून शिकायचा. अंबाजी त्या वेळी कागद लावत असायचे. शेवटचा युक्तिवाद जवळ आला होता.

निकाल लागला तेव्हा प्रेरणा सातव्या वर्षाला टेकली होती. आयोगानं अंबाजींचं म्हणणं पूर्ण मान्य केलं. दुकानानं वापरलेली यंत्रं नवी म्हणून विकली, कंपनीनं तपासणी न करता ओलाव्याचं कारण दिलं, दोघांनीही ग्राहकाची फसवणूक केली, असं स्पष्ट लिहिलं होतं. पैसे व्याजासकट परत, वर मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. आयोगातल्या बाईंनी निकाल सांगताना आवर्जून म्हटलं की तक्रारदारानं कागदपत्रं अत्यंत नीट ठेवली. कंपनीच्या वकिलानं बाहेर आल्यावर अंबाजींशी हात मिळवला. बाजीराव शेवटच्या तीन तारखांना आलेच नव्हते. त्यांनी दुकान बंद केलं होतं, त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळायची.

अंबाजी मळवलीला उतरून चालत घरी आले. कोमल अंगणात तांदूळ निवडत होती. त्यांनी निकालाची प्रत तिच्यासमोर धरली. तिनं भुसा लागलेल्या बोटांनी ती घेतली नाही, पदराला हात पुसले, मग घेतली. सगळी वाचली. शेवटच्या पानापर्यंत.

"जिंकलात, आबा," ती म्हणाली.

"पैसं येतील महिन्याभरात. सगळ्यात भारी मशीन घेऊ. मुंबईचं. आता लय सुधारणा झाल्यात म्हणं त्याच्यात."

कोमलनं प्रत घडी करून त्यांच्या हातात दिली. "नको. तिला परत कान ओरबाडायला लावू नका." मग म्हणाली, "आबा, आम्ही जूनपासून चिंचवडला राहायला जातोय. तिथं शाळा आहे अशा मुलांची. ह्यांना पण कंपनी जवळ पडेल. तुम्हाला आज सांगणारच होते."

"मी बी येतो मंग."

"एकच खोली आहे," कोमल म्हणाली.

जूनमध्ये टेम्पोत सामान भरून ते गेले. अंबाजी घरी एकटे राहिले. सकाळी उठायचे, शेळीला पाला घालायचे, स्वतःपुरता भात टाकायचे. भरपाई आली, ती त्यांनी प्रेरणाच्या नावानं बँकेत ठेवली. गावात मात्र त्यांचं नाव झालं. कंपनीला नमवलं म्हणून लोक सल्ला विचारायला यायला लागले.

एका दुपारी खालच्या आळीतली विठाबाई आली. लेण्यांच्या पायथ्याला तिचं ताक आणि थंड पाण्याच्या बाटल्यांचं दुकान. उन्हाळ्यात तिनं नवा फ्रीज घेतला होता. तो आठवड्यातच गार करायचा बंद झाला. दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण विजेच्या झटक्यानं जळला असं लिहून मागत होता.

"आबा, झटका बिटका काय न्हाई बसला. माझ्या शेजारचा टीव्ही चालूच हुता की. तुमीच सांगा, ह्याला कोर्टात खेचू का?"

अंबाजींनी तिचं बिल बघितलं, कार्ड बघितलं. भिंग आणून नंबर ताडले. सगळं बरोबर होतं, केस तिच्या बाजूची होती. त्यांनी कागद तिला परत दिले.

"सही करून टाक," ते म्हणाले.

विठाबाई बघतच राहिली. "तुमी सांगता हे? आवो, खोटंय ते!"

"व्हय. खोटं हाय. फ्रीज आण आन ताक गार कर."

ती कागद गोळा करून, काहीशी हिरमुसून निघून गेली. गावात जाऊन तिनं सांगितलं की म्हातारा थकला, पूर्वीचा राहिला नाही.

पुढच्या रविवारी अंबाजी चिंचवडला गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते जायचे. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पलंगाशेजारी गॅस, खिडकीत वाळत घातलेले कपडे. कोमलनं जेवायला वाढलं, तब्येतीचं विचारलं, शेळी कशी आहे विचारलं. माऊली पाळीवर गेला होता. प्रेरणा उंच झाली होती. तिची शाळेतली मैत्रीण आली होती, दोघी पलंगावर समोरासमोर बसून हातांनी भराभरा काहीतरी सांगत होत्या, मधेच एकमेकींना ढकलत होत्या. अंबाजी जेवून भिंतीला टेकून बसले आणि त्या हातांकडं बघत राहिले. एवढ्या वेगात त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

मैत्रीण गेल्यावर त्यांनी प्रेरणाला जवळ बोलावलं. मागच्या खेपेला कोमलकडून शिकलेली एक खूण ते घोकून आले होते, 'शाळा आवडते का?' एवढीच. त्यांनी ती केली. म्हाताऱ्या बोटांना नीट वळण येत नव्हतं. प्रेरणानं भुवया वर केल्या. त्यांनी पुन्हा केली. तिनं त्यांची दोन बोटं धरून सरळ केली, मनगट जरा वळवलं आणि आता कर अशी मान हलवली. त्यांनी केली.

प्रेरणा खूप हसली. मग भराभर हात हलवून लांबलचक काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

अंबाजींनी वळून कोमलकडं बघितलं. ती पाठमोरी भांडी घासत होती, नळ जोरात वाहत होता. तिला हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण मारली नाही. त्यांनी पोरीकडं बघून नुसतीच मान डोलावली. प्रेरणाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. आजोबांना काही कळलेलं नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, जसं लहान लेकराला थोपटतात, आणि ती दप्तर घेऊन खिडकीशी जाऊन बसली.